एकशे दहा पावलं

२७ जानेवारी

भाऊजी,

तुमचा मफलर इथेच राहिलाय. दोनदा धुतला तरी धुराचा वास जात नाही, तेव्हा तिसऱ्यांदा धुणार नाही. जसा आहे तसा न्या. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता. मला वाटतं तुम्हाला ऐकू आलं, तुम्हाला वाटतं मी फोन ठेवला. म्हणून लिहिते.

जाळ होऊन आज पाच दिवस झाले. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर जाऊन आलात आणि न जेवता, न बोलता पिशवी उचलून गेलात. सख्ख्या दिराला घरातून असं जाताना पाहिलं की वहिनीला वाटणारच की आपलं काही चुकलं.

आज दूधवाली म्हणाली, "दरवर्षी तुम्हीच तर गवत जाळता, मग या वर्षी एवढं तोंड पाडून का बसलात?" तिला समजावलं. माळाचे तीन तुकडे केलेत, दर थंडीत एकच तुकडा आखून जाळायचा. वरचं वाळलेलं गवत भुर्रकन जळून जातं, काटेरी झुडपं माजत नाहीत आणि पुढच्या पावसात फुलांना ऊन मिळतं. पण माळावरचा तो बशीसारखा खोलगट भाग, ज्याला आम्ही बशीच म्हणतो, तो कधीच जाळायचा नसतो. तिथे निळी टोपी या फुलाचे कंद जेमतेम बोटभर खोल असतात आणि वर जुन्या गवताचा गुडघाभर थर. तिथे पेटलं की आग पुढे पळत नाही, ठाण मांडून बसते. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत बसली होती. दूधवाली म्हणाली, "म्हणजे कंद भाजले म्हणा की." हो, भाजले. माळ सांभाळणाऱ्या संस्थेचे सचिव परवा तासभर बोलले, त्यांना हे एका वाक्यात जमलं नाही.

सचिव फोटो काढून गेले. "याची जबाबदारी कुणाची?" असं चार वेळा विचारलं. चारही वेळा मी चहा हवा का विचारलं. शेवटी प्यायले.

मी रोज बशीच्या काठावर जाऊन उभी राहते. पूर्वेची बाजू, जिथे बहुतेक टोप्या येतात, नेमकी तीच काळी पडलीय. गेल्या मोसमात चारशे बारा मोजल्या होत्या. दुसऱ्या कुठल्या माळावर त्या कुणाला सापडलेल्या नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगायचं. हे असते तर काय म्हणाले असते, याचा विचार करायचा नाही असं ठरवते आणि तोच करत बसते.

आणखी एक. बशीभोवतीच्या सातपैकी सहा खुंट्या उभ्या आहेत, पाचवी दिसत नाही. लोखंड जळतं का हो?

घरी कुणी नसलं की घड्याळ फार वाजतं. पत्र लिहा.

तुमची वहिनी


५ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं. मफलर राहू द्या, इथे थंडी नाही. म्हणजे आहे, पण खोलीत नाही. खाली सायकलवाला दिवसभर चाकं ठोकतो, त्याने खोली गरम होत असावी. एक कान गेलाय याचा आनंद मला फक्त त्याच्यामुळे होतो.

तुमचं काही चुकलेलं नाही, हे आधी डोक्यातून काढा. पाचवी खुंटी आदल्या दिवसापासूनच नव्हती. भंगारवाल्याने नेली असेल. आग अडवायचा पट्टा मी अंदाजाने कापून घेतला, तो चुकीच्या जागी गेला, बशीची एक बाजू पट्ट्याच्या बाहेर राहिली आणि जळली. सरळ गोष्ट आहे. पट्टा कुठे कापायचा हे जाळप्रमुखाने पाहायचं असतं आणि जाळप्रमुख मी होतो. तसं लिहूनही दिलंय.

चौकशी बसली आहे. एक बाई नेमल्यात, त्या तुमच्याकडेही येतील. त्यांना सांगायचं, मी घरात होते, मला काही ठाऊक नाही. एवढंच. चहा देऊ नका, नाहीतर बोलत बसाल.

जाळप्रमुखाची शिट्टी जमा केली. तेवीस वर्षं गळ्यात होती. गेली तेव्हा मान हलकी वाटायला हवी होती, तसं काही झालं नाही. सध्या मला कोठारात बसवलंय. आग झोडपायचे रबरी झाडू मोजतो. काल मोजले तेवढेच आज भरले.

गुडघा बरा आहे. जेवण वेळेवर होतं. काळजी नको.

भाऊजी


१९ फेब्रुवारी

भाऊजी,

चौकशीच्या बाई येऊन गेल्या. तुमचं ऐकून चहा दिला नाही, तर त्यांनी स्वतःच्या थर्मासमधून काढून मलाच दिला. आता अशा बाईशी खोटं बोलायचं म्हणजे जिवावर येतं. तरी बोलले.

त्यांनी विचारलं, "जो पेटवणार त्याने आदल्या दिवशी खुंट्यांची सगळी रेषा पायाने चालायची आणि प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर हात ठेवायचा, असा नियम तुमच्या यजमानांनी घालून दिला होता ना?" म्हटलं, हो. "मग दीर आदल्या दिवशी रेषा चालले का?" मी म्हटलं, चालले असतील, मी घरात होते.

चालले असतील! चार वाजल्यापासून दिवे लागेपर्यंत तुम्ही माझ्यासमोर खुर्चीत बसला होतात. ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं, तेवढ्या काळात या घरात कुणी इतका वेळ बसलं नव्हतं. मीच बडबडत होते. तुम्ही दोनदा उठलात, "रेषा राहिली" म्हणालात आणि मीच म्हटलं, खुंट्या जागच्या जागी आहेत, सकाळीच पाहून आले, बसा थोडं.

तेव्हा आता सांगा. सकाळी मी पाचवी खुंटी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, संध्याकाळी तुम्हाला सांगितली, आणि तुम्ही लिहिता ती आदल्या दिवसापासून नव्हतीच. बाई म्हणाल्या, गवत कापणाऱ्यांपैकी एक जण सांगतो की त्याने पाचव्या खुंटीचं लाल डोकं पाहिलं होतं. बाकीच्यांना आठवत नाही. मीही पाहिली होती हे मी सांगितलं नाही.

आता मला काय वाटतं ते सांगते, म्हणजे तुमचा माझ्यावरचा राग तरी कळेल. डिसेंबरात रानडुकरांनी पाचवी खुंटी उकरून पाडली होती. कुणाला बोलवायचं? मीच लावली. ह्यांच्या वहीत सगळं आहे, 'चौथीपासून मोठ्या कातळाकडे तोंड करून एकशे दहा पावलं, तिथे पाचवी.' गवत कमरेएवढं, जुनी जागा दिसत नव्हती, म्हणून मोजून एकशे दहा चालले. एक कमी नाही की एक जास्त नाही. तुम्हाला त्या दिवशी मिरवून सांगणार होते की बघा, तुमच्या दादांची वही वाचून मी एकटीने काम केलं. बोलण्याच्या नादात राहिलं. माझ्याकडून ती सैल ठोकली गेली असणार आणि रात्री डुकरांनी पुन्हा पाडली असणार. तसं असेल तर तसं सांगा. मला रागवा, पण असं कोड्यात लिहू नका.

सकाळी उठून दोन कप काढते आणि एक परत ठेवते. अजून हात ऐकत नाही.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

खुंटी तुम्ही लावली होती हे कुणालाही सांगू नका. सचिवांना नाही, बाईंना नाही, दूधवालीला तर मुळीच नाही.

मी रेषा चाललो नाही आणि चाललो अशी सही केली. हे मी बाईंना लेखी कळवलंय. झालं. जबाबदारी ठरवायला त्यांना एवढं भरपूर आहे, आणखी सामान पुरवायची गरज नाही. वीस तारखेला सुनावणी आहे. त्या दिवशी तुम्ही घरी थांबा. एवढ्या लांबचा प्रवास कशाला.

राग नाही. कसलाही नाही.

सायकलवाल्याने विचारलं, तुमच्याकडे कुणी येत कसं नाही? म्हटलं, माझ्याकडे पत्रं येतात. तर म्हणाला, बँकेची मलाही येतात.

भाऊजी


११ मार्च

भाऊजी,

तुम्ही लहानपणापासून असेच आहात असं हे सांगायचे. काही लपवायचं असलं की वाक्यं आखूड होतात. तुमचं पत्र वाचलं आणि बूट घालून माळावर गेले.

चौथ्या खुंटीपासून कातळाकडे तोंड केलं आणि मोजत निघाले. आता गवत नाही, सगळं लख्ख दिसतं. बरोबर एकशे दहाव्या पावलाला खुंटीचं भोक सापडलं. माझंच. पण त्याच्या कडा फाटल्या नव्हत्या. डुकराने पाडलं की माती उधळलेली असते. हे भोक नीट गोल होतं, कुणीतरी खुंटी हलवून हलवून सरळ वर उपसून काढलेली. आणि भोकाच्या अलीकडून कापलेला पट्टा गेलाय. अंदाजाने नाही, थेट खुंटीला धरून. बशीचा पूर्वेचा काठ माझ्यापुढे कितीतरी लांब होता. मी तिथे उभी राहून ह्यांच्यावर चिडले. म्हटलं, वहीत चुकीचं लिहून ठेवलंत की हो.

आणि मग कळलं.

भाऊजी, ह्यांची दोन पावलं म्हणजे माझी तीन. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी ह्यांच्या मागे पळत होते. "अहो, जरा हळू" हे मी जन्मात सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य असेल. बाजारात, स्टेशनावर, माळावर, दवाखान्याच्या जिन्यातसुद्धा. शेवटच्या वर्षात तेवढे हे माझ्या चालीने चालले, आणि ते मला आवडलं नव्हतं.

एवढं सगळं ठाऊक असून मी ह्यांची पावलं माझ्या पायांनी मोजली.

तशीच पुढे मोजत गेले. एकशे पासष्टाव्या पावलाला बुटाला दगड लागला. ह्यांनी खुंटीच्या बुडाशी चुना फासून ठेवलेला, आता काजळी धरलेला. जुनं भोकही तिथेच होतं. पंचावन्न पावलं, भाऊजी. माझ्या पंचावन्न पावलांत जवळजवळ सगळ्या टोप्या होत्या.

तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच हे ओळखलंत. खुंटी तुम्ही उपसलीत. पिशवीत घालून नेलीत, म्हणून माझ्याकडे न बघता गेलात. मला वाटत होतं तुम्ही रागावलात.

आता माझं ऐका. बशी मी जाळली. तुम्ही फक्त माझ्यावर विश्वास ठेवलात, तो नियमात बसत नाही एवढंच. मी बाईंना सगळं सांगणार आहे. तुमच्याकडे माळ जाळायचं काम सोडलं तर दुसरं काय आहे? ना बायको ना पोर, खाली तो ठोकणारा सायकलवाला. ते एक काम माझ्यामुळे जाऊ देणार नाही.

वहिनी


१५ मार्च

वहिनी,

हे पत्र वीस तारखेच्या आत पोचू दे. टपालवाल्याला दोनदा विचारलंय.

हो, खुंटी मी काढली. ती माझ्या खाटेखाली आहे. त्या सकाळी राखेत उभा राहिलो तेव्हा लाल डोकं भलत्याच जागी दिसलं. टेप लावून मोजलं आणि काय झालं ते तिथल्या तिथे समजलं, कारण लहानपणी शाळेत जाताना दादामागे मीही पळायचो. त्याला हळू चालता येत नव्हतं. अडवून धरलं तर तो जागेवर पाय आपटायचा, पण हळू चालायचा नाही.

खुंटी तिथे राहिली असती तर पहिला प्रश्न हाच आला असता की ही इथे कुणी लावली. म्हणून काढली. तुम्ही राहता ते घर संस्थेचं आहे. तुम्ही फुलं मोजता म्हणून आहे. संस्थेला न कळवता तुम्ही सीमेची खुंटी हलवली हे कागदावर आलं की मोजणी जाईल, आणि मोजणी गेली की घर जाईल. एकतीस वर्षांचं घर. दादाचे बूट अजून दाराशी आहेत, मी पाहिले. मला काय, खोली इथेही मिळते आणि तिथेही.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायची नाही असं ठरवून चार कागद फाडलेत. त्या दिवशी मी रेषा का चाललो नाही असं बाईंनी विचारलं, तेव्हा मी गुडघा सांगितला. गुडघा दुखत होता, पण तेवीस वर्षांत तो कधी आड आला नव्हता. तुम्ही "बसा थोडं" म्हणालात, म्हणून बसलो. मला असं कुणी म्हणत नाही. कोठारात म्हणतात सही करा, दुकानात म्हणतात पुढे व्हा. तुम्ही दादाच्या गोष्टी सांगत होता, चहा गार झाला होता, आणि मला उठावंसं वाटलं नाही. उठलो असतो तर तासाभरात चुकीची खुंटी दिसली असती. म्हणजे बशी जळली ती मला एक संध्याकाळ बरं वाटावं म्हणून. हे मी कुठल्या रकान्यात लिहू?

तेव्हा जबाबदारी माझीच आहे, उगीच मोठेपणा करत नाही. तुम्ही येऊ नका. हात जोडतो.

भाऊजी


९ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र एकवीस तारखेला पोचलं. वीस तारखेला तर मी तुमच्या शेजारी बाकावर बसले होते. टपालवाल्याला तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं.

त्या दिवशी आपण एक शब्द बोललो नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, दाढी अर्धवट केलेली होती, शर्टाचं एक बटण नव्हतं. मनात आलं, या माणसाला सुई-दोरा द्यायलाही कुणी नाही. आणि मग आपल्या दोघांना आत बोलावलं.

सगळं सांगितलं. डुकरं, वही, एकशे दहा. बाई लिहीत होत्या, मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या पावलांनी मोजायला हवं होतं." म्हटलं, ते पाय आता नाहीत हो. खुंटी कुणी काढली हे मला ठाऊक नाही असं मी म्हणणार होते, तेवढ्यात तुम्ही उठलात आणि पिशवीतून ती काढून टेबलावर ठेवलीत. एवढा आवाज झाला की सचिव दचकले. बरोबर आणली होतीत म्हणजे तुम्हालाही ते लपवणं झेपत नव्हतं. दोघांनी एकमेकांना वाचवायचं ठरवलं आणि दोघांनाही ते धड जमलं नाही.

निकालाचा कागद तुम्हालाही आला असेल. तुम्हाला दोन वर्षं जाळ लावायला मनाई, न चालता सही केल्याबद्दल आणि खुंटी काढल्याबद्दल. माझ्याकडून मोजणी काढून घेतली, जूनअखेर घर रिकामं करायचं. आणि तिसरं कलम वाचलंत का? एका माणसाच्या पावलांवर सीमा ठेवणं आणि तो माणूस गेल्यावरही ती पुन्हा न मोजणं, ही संस्थेची चूक. सचिवांना ते मोठ्याने वाचायला लागलं. घसा तीनदा खाकरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सामान बांधायला घेतलंय. मोजणीच्या एकतीस वह्या संस्थेला दिल्या. ह्यांचे बूट देऊन टाकावेत म्हणून पिशवीत घातले, दाराबाहेर ठेवले, पुन्हा आत आणले. सध्या बाहेरही नाहीत आणि आतही नाहीत, उंबऱ्यावर आहेत.

तुमची ती दुसरी गोष्ट वाचली. दोनदा वाचली. मी तुम्हाला बसा म्हटलं ते तुमच्यासाठी नव्हतं, भाऊजी. तुम्ही उठला असतात तर घर पुन्हा रिकामं झालं असतं, म्हणून म्हटलं. खुंट्या पाहून आले, हेही त्याच भरात सांगितलं. पाहिल्या होत्या, पण लांबून, आणि हात एकीवरही ठेवला नव्हता. तेव्हा रकाना करायचाच झाला तर दोन नावांचा करा.

वहिनी


६ जुलै

वहिनी,

नव्या पत्त्यावर पहिलं पत्र. खोली कशी आहे, खिडकी कुठे उघडते, काही लिहिलं नाहीत. तीन महिने झाले. मी दोनदा लिहायला बसलो. पण एका घरातून बाईला उठवण्यात आपला हात असला की 'खुशाल असाल' हे शब्द लिहवत नाहीत.

मला आता शिकवायला बसवलंय. नव्या जाळप्रमुखांना टेप कशी धरायची ते दाखवतो. पहिल्याच दिवशी त्यांना म्हटलं, शंभर पावलं चाला. अठरा जण अठरा जागी थांबले. ते हसले, मीही हसलो, मग कोठारात जाऊन थोडा वेळ बसलो.

सप्टेंबर जवळ येतोय. तुम्ही बशीकडे जाणार आहात का? मी असतो तर गेलो नसतो. पण मी म्हणजे तुम्ही नव्हे.

शर्टाला बटण लावलंय. काळ्या शर्टाला पांढरं, पण लावलंय.

भाऊजी


१४ सप्टेंबर

भाऊजी,

खोलीला एक खिडकी आहे, ती शेजारच्या भिंतीकडे उघडते. भिंत स्वच्छ आहे. पहिले दोन महिने मी कुणालाही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. सकाळी उठायचं, एकच कप काढायचा. हात शेवटी ऐकायला लागला, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

काल बशीकडे गेले. दोन बस बदलून. मोजणीच्या नव्या बाई चांगल्या आहेत, स्वभावाने कोरड्या, पण मी फाटकाशी उभी दिसले तर म्हणाल्या, "या, मला हे फूल ओळखताच येत नाही. फोटोत मोठं दिसतं." म्हटलं, फोटोत सगळेच मोठे दिसतात.

आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून मोजलं. त्या टेप लावून चौकोन आखत होत्या, मी नुसती बघत पुढे सरकत होते. जळलेल्या जागेत वेगळंच गवत आलंय, दाट आणि उद्धट. टोप्या दिसेनात. अर्धा तास एकही नाही. नंतर एक दिसली. मी नुसतं बोट दाखवलं.

एकोणीस, भाऊजी. तीनदा मोजल्या. चारशे बाराच्या एकोणीस. सगळ्या पश्चिमेच्या काठाला, जिथे आग पोचायच्या आत विझली. त्यातल्या चार वाकड्या आहेत. बाई म्हणाल्या, आणखी वीस वर्षं सांभाळल्या तर वाढतीलही. मी मनात हिशेब केला, तेव्हा मी नसेन. तुमचंही कठीणच आहे. आपण केलेलं भरून येताना आपल्याला दिसणार नाही, हे मी तिथेच बसून स्वतःला सांगितलं आणि रडले. बाईंनी थर्मास उघडला. या संस्थेत थर्मास वाटतात वाटतं.

आता कामाचं. पुढचा जाळ अठरा जानेवारीला आहे, पश्चिमेचा तुकडा, म्हणजे त्या एकोणीसच्या अगदी अंगाला लागून. खुंट्या आता टेपने लावल्यात, संस्थेने प्रत्येकीच्या बुडाशी सिमेंट घातलंय. पण नवा नियम असा की आदल्या दिवशी जाळप्रमुखाशिवाय आणखी दोन माणसांनी रेषा चालायची, ज्यांच्या पायाखालची ही जमीन आहे अशा. त्याला मनाई लागू होत नाही, मी विचारून घेतलंय. मी माझं नाव दिलं. दुसरं तुमचं दिलं, तुम्हाला न विचारता. रागवायचं असलं तर समोर येऊन रागवा.

मफलर बरोबर आणते. वास गेलेला नाही. ह्यांचे बूट नव्या खोलीत दाराशीच आहेत, तिथे त्यांना कुणी काही विचारत नाही.

तुमचा गुडघा दुखतो, म्हणजे तुम्ही हळू चालाल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या घरातल्या कुणाबरोबर तरी मला न पळता चालता येईल.

सतरा तारखेला दुपारी फाटकाशी या. या वेळी आधी काही म्हणणार नाही. आधी चालू, सातही खुंट्यांवर हात ठेवू. दोघांचेही. मग काठावरच्या कातळावर मी थर्मास उघडेन आणि म्हणेन, भाऊजी, बसा थोडं.

वहिनी